बिनफोडणीचा साग

भिंतीपलीकडून घोटण्याचा आवाज सकाळपासून येत होता. थोरली जाऊ नसीब कौर मोहरीच्या पाल्याचा साग घोटत होती, यंदाच्या थंडीतला पहिला. रवीचा दणका बसला की चुलीवरून उतरवलेलं मडकं विटांवर सरकायचं आणि खरखर घासायचं. ते धरायला कोणी नव्हतं.

अलीकडे शिंदर आपल्या चुलीपाशी आलं चिरत बसली होती. लग्न होऊन आल्यापासून मडकं तीच धरायची. नसीब घोटायची, ती धरायची आणि दोघी मिळून गल्लीतल्या बाकीच्या सुनांचा समाचार घ्यायच्या. उन्हाळ्यात भावांच्या वाटण्या झाल्या आणि अंगणातून छातीएवढी भिंत गेली. ती शिंदरच्याच हट्टाने.

"जा की," उन्हात खाटेवर बसलेला तिचा नवरा जगसीर म्हणाला. "गल्लीतून चार पावलं आहेत. पाकिस्तानची वाघा बॉर्डर नाही ती. पासपोर्ट नाही मागणार कोणी."

"त्यांनी हाक मारली तर जाईन."

"आणि नाही मारली तर?"

"वाटी तर येईलच. पहिल्या सागाची वाटी त्या चुकवायच्या नाहीत. तेव्हा बोलते."

मक्याच्या भाकऱ्या झाल्या. शिंदरने कढलीत तूप घातलं, लसूण सोलून ठेवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे साग पाठवायचा तो वर फोडणी देऊन, लोण्याचा गोळा ठेवून. घरच्या माणसाला मात्र नुसता, मडक्यातून काढला तसा. फोडणी त्याने आपल्या चुलीवर द्यायची. या घरात हे कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

पलीकडचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने भिंतीवर झाकलेली पितळेची वाटी टेकली. मागे दुपट्ट्यात गुंडाळलेला नसीबचा चेहरा होता.

"घ्या, शिंदर कौर."

शिंदर हात पुसत उठली. वाटी घेऊन तिने झाकण काढलं. सागावर लाल मिरच्या होत्या, तळलेलं आलं होतं आणि मधोमध लोणी वितळत होतं.

जगसीरने खाटेवरूनच मान उंचावली. "वा, भाभी. फोडणीसकट? हिचं काम वाचलं."

"हो, म्हटलं तुम्हाला कशाला त्रास," नसीब म्हणाली.

वाटी हाताला चटके देत होती. शिंदरने ती खाली ठेवली नाही. काय बोलायचं ते तिने सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता सापडेना.

"बहेनजी, मला एक हाक मारायची. मडकं धरायला आले असते."

नसीबने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आजवर कधी मारावी लागली होती?"

शिंदरने वाटीवर झाकण परत ठेवलं.

"जेवा. भाकऱ्या गार होतील तुमच्या," नसीब म्हणाली आणि वळली.

शिंदरने टाचा उंचावून भिंतीवरून पाहिलं. नसीब चुलीकडे चालली होती, पाऊल जपून टाकत. सलवार पोटरीपर्यंत वर खोचलेली होती. दोन्ही पायांच्या आतल्या बाजू घोट्यापर्यंत काजळीने काळ्या झाल्या होत्या.

मडकं तिने पायांत धरलं होतं.