सरपंचाचा मुक्काम

अपेक्षाला मांजराची अलर्जी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पप्पांनी त्याच दिवशी निकाल लावला. सरपंच नावाचा तिचा गब्दुल बोका शेळगावला आत्याकडं जाणार! अपेक्षा रडली, भांडली, जेवणावर रुसली, पण शिंका काही तिचं ऐकेनात. आबा तर बोक्याला पहिल्यापासून ‘फुकटखाऊ’च म्हणायचे.

सकाळी पप्पांनी सरपंचाला पिशवीत घालून गाडीला किक मारली, अन् निरोप द्यायला वाकलेली अपेक्षा फटाक्यासारखी शिंकली.

ओट्यावरून आबा गरजले, “थांब! निघताना शिंक झाली. आज न्हाय जायचं.”

“आवो आबा, तिच्या शिंकांपायीच तर ह्याला नेतोय!”

“शिंक ती शिंक. उतर खाली.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र पप्पांनी तिला आधी डॉक्टरांची गोळी दिली आणि मगच गाडी काढली. अपेक्षानं पिशवीत तोंड खुपसलं, उन्हाकडं बघितलं, पण नाक ठणठणीत! गाडी फाटकाबाहेर पडणार, तेवढ्यात गल्ली हादरवणारी शिंक आली.

पप्पांनी वळून बघितलं. आबा धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होते.

“आबा, तुमी?”

“शिंक काय सांगून येती व्हय? उतर खाली. पोरीला गोळी लागू पडलीया, ऱ्हाऊ दे त्याला,” असं म्हणत आबांनी तपकिरीची डबी गुपचूप बंडीच्या खिशात सरकवली.