कुंपणापलीकडची जास्वंद

पप्पांचं बीपी वाढल्यापासून मयुरी रोज सकाळी शेजारच्या यमुताईंच्या कुंपणावरची जास्वंदीची फुलं गुपचूप तोडायची आणि पप्पांना लालभडक चहा करून द्यायची. आजही रिकामा कप ओट्यावर ठेवून पप्पा बुटीबोरीला ड्युटीवर गेले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून यमुताई कडाडल्या, "काहून वं मयुरे, फुलं तूच तोडतं का? काल किडीसाठी जहरी औषध मारलं मी झाडाले!"

मयुरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. यमुताईंची बडबड चालूच होती. तिनं पप्पांना फोन लावला. "पप्पा, चहा पेले का तुम्ही?"

"चिडू नको बेटा, मले नाई आवडत तो. विकतचा आहे सांगून रोज यमुताईच्या ग्लासात ओतून देतो. आजही पेल्या त्या."



कुंपणापलीकडची अखंड बडबड एकाएकी थांबली.