प्लंबरचं पाठ्यपुस्तक

"हेही नको," म्हणत प्लंबरने तिसरं पुस्तक काउंटरवर मागे सरकवलं.

दुकानाच्या बाईंचा पारा चढू लागला. वीस वर्षं त्या कॉलेजची पुस्तकं विकत होत्या. नुसता चेहरा पाहून कुणाला कुठलं पुस्तक झेपेल ते सांगायच्या, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. हा माणूस मात्र काही केल्या त्यांच्या अंदाजात बसत नव्हता. डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन तो आला होता: 'सेल सिग्नलिंग, चांगलं पाठ्यपुस्तक.' बायकोला रक्ताचा कॅन्सर आहे, रोज एक गोळी चालू आहे, ती गोळी ज्या पुस्तकात आहे ते हवंय, एवढं त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

 ते ऐकून बाईंनी शोधून शोधून सोपी पुस्तकं काढली. रंगीत चित्रं, मोठा टाइप, धड्याच्या शेवटी सारांश. प्लंबर एकही धडा उघडायला तयार नव्हता. तो थेट शेवटची पानं चाळायचा आणि पुस्तक मिटायचा.

"अहो दादा, ऐका तरी," बाई समजावू लागल्या. "सेल सिग्नलिंग म्हणजे पेशींचे निरोप. या आजारात पेशीला सारखा एक खोटा निरोप जात असतो, वाढत राहा म्हणून. तुमची गोळी तो निरोप अडवते. यात किती सोपं करून दिलंय बघा."

"ते कळलंय हो ताई. नळ वाहत सुटला की कॉक बंद करायचा. माझा धंदाच तो!" तो हसला. "ते वरचं जाडजूड काढा ना."

बाई नाइलाजाने स्टुलावर चढल्या. एम.एस्सी.ची मुलंसुद्धा त्या पुस्तकाच्या वाटेला जात नसत. प्लंबरने तेही मागूनच उघडलं. बारीक टाइपात साठ पानं नुसते संदर्भ होते. कुणी, कोणत्या वर्षी, काय शोधलं. त्याचा चेहरा उजळला.

"हे द्या."

"यातलं अक्षरही तुमच्या डोक्यात शिरणार नाही," बाई बोलून गेल्या, आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

"नाही शिरलं तर नाही." त्याला जराही राग आला नाही. "गेल्या वर्षी बायकोला उचलून बाथरूमपर्यंत न्यावं लागायचं. काल माझ्याशी भांडून तरातरा बाजारात गेली. डॉक्टरांचे पाय धरायला गेलो, तर म्हणाले, मी फक्त गोळी लिहून दिली, ज्यांनी शोधली त्यांचे आभार माना. शेकडो माणसं आहेत म्हणे, चांगल्या पुस्तकात मागे सापडतील. आता रोज गोळीच्या वेळी आम्ही दोघं एकेकाचं नाव घेणार आहोत."

 प्लंबरने पुस्तक बाईंकडे वळवलं आणि पहिल्या ओळीतल्या परदेशी नावावर बोट ठेवलं.

"एवढं नाव कसं म्हणायचं ते सांगा. बायको म्हणते, आभार मानताना माणसाचं नाव चुकायला नको."