नेच्यांची खोली

घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी कोपऱ्यातली कुंडी सरकवली, मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं ते बोट आईसमोर धरलं.

"ही बुरशी. तुमच्या मुलीची फुप्फुसं हिनं पोखरलीत. आता उरलीत तेवढीच. गेलेली काही परत यायची नाहीत."

तीस वर्षं आईने कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. आणि तिला बुरशी दिसू नये?

मुलगी दहा वर्षांनी माहेरी आली होती, मोडलेला संसार आणि साधा खोकला घेऊन. लग्न तिने आईच्या मनाविरुद्ध केलं होतं. आई तिला रागावली नाही, जवळही घेतलं नाही. घरातली सगळ्यांत उबदार खोली मात्र दिली. ती नेच्यांची खोली, फर्नच्या कुंड्यांनी भरलेली. नाजूक जात, थंडीने काळी पडते, कोरड्या हवेने करपते. म्हणून खिडक्या बंद, हीटर चालू, कुंड्यांखाली ओली खडी. दिवसातून चार-पाचदा आई फवारा मारायला यायची.

"काय गं, मान का टाकलीस? रुसलीस होय माझ्यावर?" हे नेच्याला.

"औषध घेतलंस?" हे मुलीला. एवढंच.

डॉक्टर गेल्यावर आईने पदर खोचला. बत्तीस कुंड्या एकटीने उघड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. खिडक्या उघडल्या, भिंती घासल्या, हात धुतले आणि मुलीच्या कॉटच्या कडेला येऊन टेकली.

"माझ्याच हाताने मारलं गं तुला," ती म्हणाली.

"नाही, आई. डॉक्टरांनी मला दोन महिन्यांपूर्वीच विचारलं होतं. घरात ओल आहे का, कुंड्या आहेत का. मी नाही म्हणाले."

"अगं, पण का?"

मुलीला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तिने उशीला डोकं टेकलं. मग आईकडे न बघता तिने विचारलं,

"झाडं नसती, तर तू या खोलीत आली असतीस?"

आई "हो" म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.