बेटाची वेळ

"धुकं आहे तुमच्या बेटावर," खिडकीमागची मुलगी म्हणाली. "सकाळचं विमान रद्द. संध्याकाळी पावणेसहाला एक सुटेल. पाचपर्यंत इथे हजर राहा."

"पाच," अमांदियु म्हणाला. विसरू नये म्हणून त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, "पाच."

त्याची बायको देओलिंदा मागे बॅगेवर बसली होती. पाच आठवडे लिस्बनच्या इस्पितळात छातीवर किरणं घेऊन काल ती सुटली. आजचं तिकीट मुळात घरी परतायचंच होतं. पण पहाटे घरून फोन आला की आई गेली. दफन उद्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात बेटावर प्रेत ठेवायची सोय नाही, त्यामुळे कुणी कुणासाठी थांबत नाही. शवपेटीची किल्ली मात्र थोरल्या लेकीनं फिरवायची आणि जन्मभर जवळ ठेवायची, अशी गावची रीत. थोरली लेक म्हणजे देओलिंदा.

"चल, शहर बघू," अमांदियु म्हणाला.

"आई तिकडे पेटीत, आणि मी इथे शहर बघू?"

"मग दिवसभर या खुर्च्यांवर बसून काय करशील? पाच आठवड्यांत लिस्बनचं काय पाहिलंस? इस्पितळाची खिडकी."

"आणि तू रे?"

"त्या खिडकीत बसलेल्या तुला पाहिलं."

"अजून बसचा नंबर कळत नाही, आणि राजधानी दाखवतोय," ती म्हणाली. पण उठली. बॅग त्यांनी विमानतळावरच ठेवली. तिच्या फोनची बॅटरी संपत आली होती. गावाकडे बोलायला उरावी म्हणून तिनं तो बंद केला.

अमांदियुच्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं. बेट राजधानीच्या एक तास मागे, पण इथे आल्यापासून त्यानं काटे हलवले नव्हते. इस्पितळातल्या नर्सेस हसायच्या. तो म्हणायचा, "एक तास मिळवायचा, एवढंच ना." आणि रोज न चुकता मिळवायचा.

पिवळी ट्राम कण्हत चढावर निघाली. गल्लीतल्या दोऱ्यांवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या आणि परदेशी माणसं त्यांचे फोटो काढत होती.

"घरी किती वाजले?" तिनं विचारलं.

"साडेदहा."

"म्हणजे ओदिलियानं तिला न्हाऊ घातलं असेल." ओदिलिया तिची भावजय. "केस नीट विंचरले असतील का?"

किल्ल्यावर मोर होते. देओलिंदा एका मोरापुढे बराच वेळ उभी राहिली.

"घरी किती वाजले?"

"बारा."

"बायका जमल्या असतील. जपमाळ सुरू झाली असेल." मग म्हणाली, "इथे मोर आहेत हे आईला खरं वाटलं नसतं. सांगते तिला."

अमांदियुनं तिच्याकडे पाहिलं.

"आज रात्रभर तिच्याजवळ बसायचंय," ती म्हणाली. "काहीतरी बोलायला तर हवं."

त्यानंतर ती नीट बघू लागली. चर्चच्या भिंतीवरच्या निळ्या चित्रांच्या फरशा तिनं मोजल्या. आईला वाटायचं, राजधानीतले रस्ते संगमरवरी असतात. फुटपाथच्या गुळगुळीत दगडांवरून देओलिंदाचा पाय घसरला तेव्हा ती त्याचा दंड धरून म्हणाली, "म्हातारी अगदीच खोटं बोलत नव्हती." दुकानातला गोड पाव तिनं अर्धा खाल्ला. मधूनमधून ती घरची वेळ विचारायची आणि तो मनगट पाहून सांगायचा. आता तिकडे कोण आलं असेल, कोण रडत असेल, कोण नुसतंच कॉफी पीत असेल, हे मग दोघं मिळून ठरवायचे.

शेवटी ते नदीकाठच्या मोठ्या चौकात येऊन पायऱ्यांवर बसले. पाणी पायऱ्यांना लागून हलत होतं.

"आईला ही नदी बघायची होती," देओलिंदा म्हणाली. "समुद्रासारखीच आहे, असं सांगीन. उगाच चुटपूट नको." मग तिनं विचारलं, "घरी किती वाजले?"

"चारला पाच कमी. चारचे ठोके पडले की टॅक्सी धरू. पाचच्या आत पोचतो."

चौकाच्या कमानीवरच्या घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली. चौथ्या ठोक्याला अमांदियु उठला, पँट झटकली आणि तिला हात दिला.

पाचवा ठोका पडला.

तिनं त्याचा हात धरलेला होता.

टॅक्सीत तो ड्रायव्हरला दोनदा "जरा लवकर" म्हणाला. दिवसभर तिनं घरचीच वेळ विचारली होती आणि त्यानं घरचीच सांगितली होती. तास मिळवायचा राहून गेला.

विमानतळावर खिडकी बंद होती. सकाळची मुलगी निघण्याच्या तयारीत पर्स खांद्याला लावत होती.

"दार लावलं हो. काचेतून दिसतंय ना, तेच तुमचं विमान. पुढचं उद्या दुपारी."

देओलिंदानं फोन चालू केला. पलीकडून ओदिलियाचा आवाज आला.

"वन्सं, बसलात का विमानात? धुकं गेलंय इथलं. तुमची खुर्ची आईंच्या उशाशी ठेवलीय. कुणाला बसू दिलं नाही."

"नाही जमलं गं."

ओदिलियाच्या मागे जपमाळ चालू होती.

"मग किल्ली?"

"तूच फिरव," देओलिंदा म्हणाली. "आणि तुझ्याकडेच ठेव."

फोन विझला. काचेपलीकडे विमान हळूहळू मागे सरकत होतं.

अमांदियुनं घड्याळ काढून मांडीवर घेतलं. काटे पुढे करण्यासाठी चावी नखानं बाहेर ओढायला गेला. देओलिंदानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी अजून पाच वाजायचेत."