चौथा डॉक्टर

तिसऱ्या डॉक्टरच्या खोलीतून मास्तर बाहेर आले आणि लेकीला म्हणाले, “चल. यालाही काही कळत नाही.”

त्यांच्या उजव्या गालापासून मानेपर्यंत लाल चट्टा पसरला होता. खाजवून खाजवून तिथली कातडी जाड झाली होती, मधूनच चिघळायचीही. जन्मभर शिलाई मशीनवर बसलेले मास्तर गिऱ्हाइकाला कधी नावं ठेवत नसत. डॉक्टरांना मात्र ठेवत. पहिला घाईत असतो. दुसरा फार बोलतो. तिसऱ्याला अजून मिशी तरी फुटलीय का? प्रत्येक वेळी आत एकटेच जात. लेक सोबत उठली की विचारत, मी काय बालवाडीत चाललोय?

बसमध्ये आईचा विषय निघाला. घरचा डॉक्टर तीच निवडायची. लेकीला लहानपणी इसब झालं, तेव्हा तिला कडेवर घेऊन ती गावभर फिरली होती. जो हात लावून बघतो, तो आपला. जो आधी लिहायला घेतो, त्याला लांबूनच नमस्कार.

“मलम लावताना आई फुंकर घालायची,” लेक म्हणाली.

“मलाही घालायची. बोटात सुई गेली की.” मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

आईने दुखणं अंगावर काढलं आणि त्यातच ती गेली. वडिलांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच लेकीच्या डोक्यात होतं. तिने चार जणांना विचारून त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई शोधल्या. या वेळी ती मास्तरांचं काही न ऐकता आत जाऊन बसली.

बाईंनी दिव्याखाली गाल पाहिला. चट्ट्याची कड बोटाने चाचपली. मग दुसरा, चांगला गालही पाहिला. पेनाला हात लावला नाही. आईने यांनाच निवडलं असतं, असं लेकीला वाटलं.

“रोज याच कुशीवर झोपता?”

“हो.”

“आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?”

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं नाही.

“तिघांनीही एकच सांगितलं. उशीचा अभ्रा बदला. त्यात मुरलेलं केसांचं तेल तुम्हाला सोसत नाही. तेल हिच्या आईचं आहे. ती गेल्यापासून अभ्रा धुतलेला नाही. तुम्ही दुसरं काहीतरी सांगा.”