अडलेला आरंभ

"त्याचा आरंभ अडला की तो पुढे जायचा नाही, रंजनी. बघून ठेव." तंजावरला परत जाताना, गाडीत बसता बसता तुळसी आत्या म्हणाल्या होत्या. सासऱ्यांची बहीण भावाच्या हट्टाबद्दल सांगतेय, एवढंच रंजनीला वाटलं. तिने हो हो केलं आणि कीर्तीची दुधाची बाटली शोधायला लागली.

आता अण्णा नगरच्या दवाखान्यात तिच्या सासऱ्यांसमोर बोलका टॅब होता. लिहिलेलं तो मोठ्याने वाचून दाखवायचा. व्यासराजांचं बोट पुन्हा त्याच बटणावर गेलं. एक. आणखी एक.

"अकरा," टॅब म्हणाला.

व्यासराजांनी ते पुसून टाकलं.

झटक्याने त्यांची वाचा गेली होती. उजवा हात लुळा पडला होता आणि डाव्याला पेन धरवत नव्हतं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं कामाचं होतं. डोक्यात शब्द उरलेत की तेही गेले, ते आज ठरायचं होतं. गेले असतील तर शोळिंगनल्लूरच्या वृद्धाश्रमात तिच्या नवऱ्याने, सुधींद्रने, खाट सांगून ठेवली होती. "घरात त्यांना कोण समजून घेणार? कीर्ती एवढीशी, तू कामावर," तो म्हणाला होता. रंजनीने होकार दिला होता आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"अकरा म्हणजे काय, मामंजी? अकरा वाजले? एकादशी आली?"

नुंगंबाक्कमच्या कचेरीत जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे तपासलेल्या व्यासराजांनी सुनेकडे पाहिलं. ढ मुलाकडे मास्तर पाहतात तसं.

"पुरे, मा," कनकवल्ली रंजनीला तमिळमध्ये म्हणाली. वाचेचे व्यायाम तीच घ्यायची. "दर वेळी हेच. अकरा लिहितात, पुसतात. मग चिन्हांचं पान उघडून बसतात. मी अहवालात लिहू तरी काय?"

तिने कोरा कागद ओढला. काही लिहिण्याआधी वरच्या टोकाला एक वेलांटी काढली, तिला शेपूट दिलं.

"हे काय?" रंजनीने विचारलं.

"पिळ्ळैयार सुळी. गणपतीची खूण. ती काढल्याशिवाय माझं पेन चालत नाही. परीक्षेतसुद्धा काढायची मी. बाई ओरडायच्या, तरी काढायची."

रंजनी त्या वेलांटीकडे बघतच राहिली. मामंजींच्या हातचा प्रत्येक कागद तिच्या डोळ्यांपुढून सरकू लागला. वाण्याची चिठ्ठी. दूधवाल्याला निरोप. गॅसच्या नळीची तारीख. सगळ्यांच्या माथ्यावर श्री, आणि श्रीच्या दोन्ही अंगांना दोन दोन उभ्या रेघा. रोज बघून बघून तिला त्या दिसेनाशाच झाल्या होत्या. ती स्वतः आईलासुद्धा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची.

"मामंजी, तुम्ही श्रीच्या रेघा शोधताय? अकरा नव्हे, इंग्रजी एक दोनदा, म्हणजे दोन उभ्या रेघा?"

व्यासराजांनी डावा तळहात टेबलावर दाणकन आपटला. मांडीवरची कीर्ती दचकली, मग तिनेही आपटला.

रंजनीने टॅब ओढून घेतला. मराठीचं पान. नाही. हिंदीचं. नाही. चिन्हांचं पहिलं पान, दुसरं पान. टक्के होते, तारे होते, हसरे चेहरे होते. उभी रेघ कुठेच नव्हती. कनकवल्ली उठून तिच्या खांद्याशी आली.

"तमिळमध्ये बघ."

"तिथेही नाही."

"मग नुसतं श्री नाही चालणार?"

व्यासराजांनी भुवई उचलून कनकवल्लीच्या कागदावरच्या वेलांटीकडे पाहिलं.

रंजनी आता एकेक बटण दाबून धरू लागली. स्वल्पविराम, काही नाही. प्रश्नचिन्ह, काही नाही. कपाळावर घाम आला होता, तरी तिला हसू फुटत होतं. तिने पूर्णविराम दाबून धरला. त्याच्या डोक्यावर एक चिमुकली चौकट उघडली. चौकटीत एक उभी रेघ, आणि तिच्या शेजारी जोडीने दोन.

"सापडल्या, मामंजी. इथे. असं दाबून धरायचं."

व्यासराजांनी दाबून धरलं. ॥ श्री ॥. टॅब म्हणाला, "श्री." आणि मग ते बोट थांबेना.

"चि. सौ. रंजनीस अनेक आशीर्वाद. मी कुशल आहे. माझे शब्द सगळे जागेवर आहेत."

कनकवल्लीने पेनाला टोपण लावलं. रंजनीने एका हाताने कीर्तीला सावरत दुसऱ्या हाताने फोन लावला. "सुधी, खाट नको म्हणून कळव. आत्ताच कळव."

व्यासराजांनी बोट वर केलं. थांब. मग लिहिलं, "मला शोळिंगनल्लूरला न्या."

रंजनीचं हसू विरलं. फोन तिने कानापासून दूर धरला. "रागावलात, मामंजी? आमचं चुकलं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

त्यांनी मान हलवली आणि लिहीत राहिले. टॅब एका सुरात वाचत गेला.

"राहायला नव्हे. तिथे जनकोजी आहे. माझ्याच कचेरीतला, माझ्याच टेबलावरचा. इथे तो या शेजारच्या खुर्चीत बसत असे. त्याचे शब्द गेले म्हणून मुलांनी त्याला तिथे ठेवला. तोही याच रेघा शोधत होता. मी बघत होतो. सांगता येत नव्हते."

गाडी येईपर्यंत रंजनीने याच शहरात राहणाऱ्या तंजावरकडच्या सगळ्या आप्तांना निरोप टाकला. "आम्ही निघालो आहोत, पण अण्णा नगरहून शोळिंगनल्लूर लांब आहे. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर वृद्धाश्रमात जाऊन जनकोजीरावांना आत्ता भेटा. आपला फोन त्यांच्यापुढे धरा, पूर्णविराम दाबून धरून दाखवा, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत उठू नका."